बाळाची चुळबुळ मोजायची कशी? मोबाइलच्या कॅमेऱ्यातून तान्ह्या बाळाच्या हालचालींचा अभ्यास

तीन महिन्यांचं बाळ गादीवर उताणं ठेवलंय. पोट भरलेलं आहे, जागं आहे, रडत नाहीये. समोर खुळखुळा नाही की कुणी लाडीगोडी करत वाकलेलं नाही. अशा वेळी त्याच्याकडे दोन मिनिटं नुसतं बघत बसा. मनगटं हळूच वळतात, घोटे गोल फिरतात, मान किंचित इकडे किंचित तिकडे होते, खांदे उचलल्यासारखे होतात. सगळं बारीक, अंगभर, आणि एक हालचाल दुसरीसारखी नाही. घरातली माणसं म्हणतात, "एक मिनिट स्वस्थ पडत नाही हा." या चुळबुळीत बाळाच्या मेंदूबद्दलची फार मोलाची माहिती असते.

ती माहिती वाचायला शिकवलं हाइन्झ प्रेख्टल या मूळच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला त्यांनी वर्षानुवर्षं नवजात बाळांच्या हालचाली पाहिल्या. १९९७ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १३० बाळांचा अभ्यास मांडला. त्यातल्या ७० बाळांमध्ये ही चुळबुळ नेहमीसारखी होती, आणि त्यांतली ६७ बाळं पुढे मज्जासंस्थेच्या दृष्टीने व्यवस्थित निघाली. उरलेल्या ६० मध्ये चुळबुळ दिसलीच नाही किंवा वेगळीच दिसली. त्यांतल्या ५७ जणांना पुढे अडचणी आल्या, बहुतेकांना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल आणि अंगाचा तोल बिघडणं. यासाठी ना सुई टोचली, ना गुंगी दिली. फक्त व्हिडिओ आणि तो पाहणारी शिकलेली नजर.

अडचण त्या नजरेची आहे. ती कमवायला रीतसर प्रशिक्षण लागतं, सराव लागतो, आणि तालुक्याच्या गावात असा माणूस सहसा नसतो. मोबाइल मात्र असतो. म्हणून कॅमेऱ्यातून सांधे टिपून हालचाल मोजण्याकडे जगभरचे संशोधक वळले आहेत. मी जोखमीच्या (कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या वगैरे) बाळांच्या फॉलो-अपमध्ये, म्हणजे घरी गेल्यानंतरच्या तपासण्यांत, काम करते. फिजिओथेरपीचे पदव्युत्तर विद्यार्थी, बायोमेडिकल इंजिनिअरिंगची मुलं, बालरोग विभागातले निवासी डॉक्टर यांच्यापैकी कुणी ना कुणी दर वर्षी विचारतं की सुरुवात कुठून करू. बहुतेकांच्या हातात कुठलं तरी सॉफ्टवेअर आधीच असतं. मी त्यांना सॉफ्टवेअर बंद करून आधी बाळापाशी बसायला लावते, कारण या कामातल्या निम्म्याहून जास्त चुका रेकॉर्डिंग सुरू होण्याआधीच होऊन गेलेल्या असतात.

आधी प्रश्न, मग वय

"हालचालींचा अभ्यास करायचा आहे" हा प्रश्न होत नाही. लाथा मोजायच्यात? उजवा-डावा फरक बघायचाय? बाळ वस्तूकडे हात कधी नेतं ते पाहायचंय? की वर सांगितलेली चुळबुळ आहे की नाही, ते? प्रत्येकाचं वय वेगळं, मांडणी वेगळी. हा लेख मुख्यतः चुळबुळीबद्दल आहे.

पूर्ण दिवसांच्या बाळात पहिले सहा ते नऊ आठवडे जास्त करून आळोखेपिळोखे दिसतात: संथ, अंग पिळवटल्यासारखी, लाटेसारखी हालचाल. मग हळूहळू त्यांची जागा चुळबूळ घेते आणि साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत टिकते. त्यानंतर बाळ हेतूने हात मारू लागतं, पालथं पडू लागतं, आणि चुळबूळ विरते. बारा ते सोळा आठवड्यांत रेकॉर्डिंग केलं तर चुकण्याची शक्यता सगळ्यात कमी.

हे आठवडे जन्मतारखेपासून नव्हे, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे. बाळ ३२ आठवड्यांचं असताना जन्मलं, म्हणजे आठ आठवडे आधी आलं. आज ते २० आठवड्यांचं असेल तर त्याचं सुधारित वय १२ आठवडे. हा हिशेब चुकला की दोन महिन्यांच्या बाळात चुळबूळ नाही म्हणून आई-वडिलांना घाबरवून सोडाल. नोंदवहीत तिन्ही गोष्टी लिहा: जन्मतारीख, गर्भाचे पूर्ण झालेले आठवडे, आणि रेकॉर्डिंगच्या दिवशीचं सुधारित वय. सॉफ्टवेअर लावण्याआधी मी हेच तीन रकाने तपासते.

परवानगी: सही घेण्यापुरती नाही

संशोधन असेल तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी हवीच. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी वाचून ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाचा डेटा मुलाचा डेटा धरला आहे आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. संमतीपत्र मराठीत लिहा, आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. व्हिडिओ कोण बघणार, किती वर्षं ठेवणार, मध्येच काढून टाकायला सांगितलं तर काय होणार, ही तीन उत्तरं तिला तोंडी द्या.

आजी सोबत आली असेल तर तिच्याशीही बोला. बाळाचा व्हिडिओ काढू द्यायला घरच्यांचा जीव धजावत नाही, दृष्ट लागेल ही भीती असते. त्यावर वाद घालू नका. गालावरची काळी तीट पुसायची काही गरज नाही, तिने मापनात काडीचाही फरक पडत नाही. आजीला बाळाच्या पायाशी बसवा, फक्त हात लावायचा नाही आणि बोलायचं नाही एवढं सांगा. ती समोर असली की आईही निवांत होते.

रेकॉर्डिंगसाठी वेगळा फोन ठेवा. स्वतःच्या फोनवर काढलात तर फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप आधी बंद करा, नाहीतर कुणाचं तरी उघडं बाळ तुमच्या खासगी खात्यात जाऊन बसेल. व्हिडिओ व्हॉट्सअॅपवरून पाठवायचा नाही. एक तर तो हातातून निसटतो, आणि दुसरं म्हणजे तिथे तो इतका दाबला जातो की मनगटाची बारीक वळणं धूसर होतात.

खोली आणि अंथरूण

तपासणीच्या टेबलावर रेकॉर्डिंग करू नका. चार महिन्यांचं बाळ एका झटक्यात कुशीवर वळू शकतं. जमिनीवर सतरंजी, त्यावर पातळ पण घट्ट गादी, त्यावर एकाच रंगाची, बिनडिझाइनची चादर. मऊ गादीत बाळ रुततं, टाचा आत जातात आणि कॅमेऱ्याला दिसत नाहीत. घरची गोधडी मायेची असते, पण तिचे रंगीत तुकडे आणि टाके सॉफ्टवेअरला चकवतात. एकदा एका गोधडीवरच्या लाल चौकोनाला आमचं सॉफ्टवेअर दोन मिनिटं बाळाचा गुडघा समजत होतं. चादर बाळाच्या कांतीहून वेगळी दिसेल अशी घ्या. गडद निळी किंवा हिरवी बहुतेक वेळा चालते. पांढरी चादर उजेड परतवते आणि कॅमेरा सगळं चित्र काळपट करतो.

बाळाच्या अंगावर फक्त लंगोट किंवा डायपर. झबलं काढा, टोपरं काढा, मोजे काढा. पायातले वाळे काढून ठेवा. त्यांचा आवाज झाला की बाळ मुद्दाम पाय हलवतं, आणि आपल्याला हवी असते ती कुणी न सांगता होणारी हालचाल. मनगटातल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या मात्र राहू द्या, अट एवढीच की दोन्ही हातांत असाव्यात आणि सैल नसाव्यात. गोऱ्या-सावळ्या कुठल्याही कातडीवर तो काळा पट्टा ठळक उठतो. सांध्यांवर हाताने ठिपके लावून सॉफ्टवेअरला शिकवताना मनगट नेमकं कुठे आहे यावर दोन माणसांचं एकमत होणं अवघड असतं. मनगटी असली की प्रश्नच मिटतो. पण मग सगळ्या बाळांना तशीच हवी. काहींना आहे, काहींना नाही, असं झालं तर सॉफ्टवेअर मनगट सोडून मनगटी ओळखायला शिकतं.

तेल लावून मालिश झालेलं बाळ लगेच घेऊ नका. तेलकट कातडीवर दिव्याचे चट्टे चमकतात. शिवाय मालिश आणि अंघोळ झाली की बाळ गाढ झोपतं. खोली उबदार हवी, उघड्या अंगाला हुडहुडी भरता कामा नये.

छताचा पंखा बंद करा. वाऱ्यापेक्षा त्याची सावली नडते. पात्यांची फिरती सावली चादरीवर पडली की पुढे सांगितलेल्या साध्या पद्धतीत तीही हालचाल म्हणून मोजली जाते. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवणं जमत नसेल तर बाजूला टेबल-फॅन ठेवा, वारा बाळावर थेट येणार नाही असा.

बाळाची अवस्था

या भागावर सगळं काम उभं आहे. डोळे उघडे, श्वास एकसारखा, रडणं नाही, आणि हातपाय हलताहेत: एवढं जुळलं की रेकॉर्डिंग सुरू. भुकेलं बाळ ताठ होतं, मुठी आवळतं. रडणाऱ्या बाळाच्या हालचाली चांगल्या बाळातही ताठ आणि झटक्याच्या दिसतात. नुकतंच दूध प्यायलेलं बाळ सुस्तावतं किंवा उलटी काढतं. दूध पाजून, ढेकर काढून, वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्यावीत असा माझा अनुभव. चोखणी तोंडात असेल तर चुळबूळ कमी होते. खेळणं दाखवलं, चेहरा समोर नेला, तर बाळ तिकडे टक लावतं आणि अंग थांबतं. उचकी लागली तर थांबून राहा.

चुळबुळीसाठी तीन ते पाच मिनिटं सलग पुरतात. पण ती मिळवायला कधी अर्धा तास जातो, कधी "उद्या या" म्हणावं लागतं. लांबून एसटीने आलेल्या आईला असं सांगायला जिवावर येतं हे मला माहीत आहे. म्हणूनच रेकॉर्डिंग लसीकरणाच्या दिवशी ठेवा, आणि लस टोचण्याआधी करा. टोचून झाल्यावरचं रेकॉर्डिंग घेण्यात अर्थ नाही.

अवस्थेची नोंद मिनिटामिनिटाला करा: शांत जागं, कुरकुर, रडणं, पेंगणं. नंतर विश्लेषण करताना फक्त शांत जागेपणाचे तुकडे घ्यायचे. ही नोंद नसलेला व्हिडिओ कितीही स्वच्छ असला तरी मी वापरत नाही.

याला जुना दाखला आहे. नवजात बाळाला काखेत धरून पाय टेकवले की ते पावलं टाकतं, आणि दोनेक महिन्यांत ते बंद होतं. मेंदू परिपक्व झाल्यामुळे हा प्रतिक्षेप (आपोआप होणारी प्रतिक्रिया) जातो, असं मानलं जायचं. १९८४ साली अमेरिकेत एस्थर थेलन आणि सहकाऱ्यांनी पावलं बंद झालेल्या बाळांचे पाय पाण्यात सोडले, तर पावलं परत आली. पाय जड झाले होते, ते उचलण्याइतकी ताकद अजून आली नव्हती, एवढंच. बाळ कसं ठेवलंय, कशावर ठेवलंय, अंगावर किती ओझं आहे, यावर हालचाल बदलते. जाड डायपरसुद्धा मांड्या फाकवून ठेवतो.

कॅमेरा

महागडी मोशन कॅप्चर यंत्रणा (अनेक कॅमेऱ्यांनी हालचाल टिपणारी) असेल तर उत्तम, पण तिचे चमकदार गोळे बाळाच्या अंगावर चिकटवावे लागतात. बाळ ते ओढतं, तोंडात घालतं. घशात अडकण्याचा धोका खरा आहे. चुळबुळीच्या अभ्यासाला एक बरा फोन पुरतो.

फोन बाळाच्या बरोबर वर, चादरीला समांतर, साधारण दीड मीटर उंचीवर. आडव्या दांड्याचा ट्रायपॉड घ्या, मागच्या बाजूला वाळूची पिशवी बांधा, फोनला वेगळी सुरक्षा दोरी लावा, आणि ट्रायपॉडचा एकही पाय गादीवर नको. बाळ ठेवण्याआधी दांडा हलवून बघा. जराही डुगडुगला तर ही मांडणी सोडा आणि बाळाच्या पायांच्या बाजूने, उंचावरून तिरकस कोनात फोन लावा. प्रशिक्षित डोळ्याला तो कोन चालतो. मोजमापाला थोडा कमी चालतो.

सेटिंग एकदाच नीट करून कागदावर लिहून फोनच्या पाठीला चिकटवा. रिझोल्यूशन १०८०पी. सेकंदाला किमान ३० फ्रेम, जमल्यास ५० किंवा ६०. फोकस आणि एक्सपोजर लॉक, नाहीतर बाळाने हात वर केला की चित्र उजळतं-मावळतं. डिजिटल स्थिरीकरण बंद, एचडीआर बंद. रुंद कोनाची लेन्स नको, तिने कडेच्या रेषा वाकतात.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला पट्टे दिसतात. फोनमध्ये शटर हाताने ठरवता येत असेल तर सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवा. सगळ्यात सोपं म्हणजे खिडकीचा उजेड, पडदा ओढून मवाळ केलेला.

बाळाच्या शेजारी, त्याच्या हाताला लागणार नाही अशी, ३० सेंटिमीटरची पट्टी चादरीवर ठेवा आणि सुरुवातीची पाच सेकंदं ती स्पष्ट दिसू द्या. पण तिच्यावर फार विसंबू नका. कॅमेरा दीड मीटरवर असताना बाळाने हात २० सेंटिमीटर वर उचलला तर तो हात कॅमेऱ्याला सुमारे १५ टक्के मोठा दिसतो. एका कॅमेऱ्यात ही चूक सुटत नाही. म्हणून अंतरं सेंटिमीटरमध्ये मांडण्यापेक्षा धडाच्या लांबीच्या पटीत मांडावीत: दोन खांद्यांचा मध्य ते दोन कंबरेच्या सांध्यांचा मध्य, हे एक माप. मोठं बाळ आणि छोटं बाळ यांची तुलनाही त्याने न्याय्य होते.

फायली

फोन सेकंदाला ३० फ्रेम म्हणतो, पण उजेड कमी झाला की गुपचूप २४ वर येतो. बहुतेक फोन बदलत्या फ्रेमदराने रेकॉर्ड करतात. पहिल्या वर्षी मी हे न कळता फ्रेमचा क्रमांक भागिले ३० असं करून वेग काढत होते, आणि ढगाळ दिवसांतली सगळी बाळं चपळ निघत होती. जूनपासूनचं काम पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून प्रत्येक फाइल आधी एफएफएमपेग या मोफत साधनातून स्थिर फ्रेमदराची करून घेते. मूळ फाइल न बदलता बाजूला ठेवते. नावात बाळाचं नाव नाही, फक्त सांकेतिक क्रमांक आणि तारीख. क्रमांक-नावाची जोडी कुलपातल्या वहीत.

सांधे टिपणं

दोन वाटा आहेत, आणि मी दोन्ही करायला सांगते.

पहिली अगदी साधी. एका फ्रेममधून पुढची फ्रेम वजा करायची. चित्रातले जे ठिपके (पिक्सेल) बदलले ती हालचाल. किती ठिपके बदलले त्यावरून हालचालीचं प्रमाण, आणि ते सरासरीने कुठे आहेत त्यावरून हालचालीचा केंद्रबिंदू. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या संशोधकांनी याच रीतीने चुळबूळ ओळखायचा प्रयत्न केला, आणि केंद्रबिंदू किती इकडेतिकडे भटकतो हे माप त्यांना सगळ्यात उपयोगी वाटलं. पायथॉन या संगणकभाषेच्या पंधरा-वीस ओळींत हे होतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. कोणता अवयव हलला हे मात्र यात कळत नाही.

दुसरी वाट सांध्यांची. चित्रातले सांधे ओळखून त्यांवर ठिपके लावणारी ओपनपोझ, मीडियापाइप, डीपलॅबकट ही सॉफ्टवेअर तुम्ही ऐकली असतील. मीडियापाइप ३३ बिंदू देतं, साध्या संगणकावर पळतं, म्हणून सरावाला बरं. पण यातली तयार मॉडेल्स मोठ्या माणसांच्या, बहुतेक उभ्या-चालत्या माणसांच्या चित्रांवर घडवलेली आहेत. बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढं, मान जवळजवळ नाहीच, गुडघे दुमडलेले, आणि पाय तोंडापर्यंत जातात. मॉडेल गोंधळतं. एक उपाय चटकन करा: बाळाचं डोकं चित्रात वरच्या बाजूला येईल असा व्हिडिओ फिरवा. एवढ्यानेच चुका ठळकपणे कमी होतात.

तरी भागलं नाही तर डीपलॅबकटसारख्या साधनात स्वतः शिकवा. १०० ते २०० फ्रेम निवडा, पण एकाच बाळाच्या नकोत. वेगवेगळी बाळं, वेगवेगळा उजेड, पाय एकमेकांवर आलेले, हात तोंडात गेलेले, अशा अवघड फ्रेम मुद्दाम घ्या. ठिपका कुठे लावायचा याचा एक पानभर नियम आधी लिहा. घोटा म्हणजे बाहेरचं हाड की सांध्याचा मध्य? हे ठरलं नाही तर प्रत्येकजण आपल्या मनाचा घोटा लावतो. मग दोघांनी वेगवेगळं बसून त्याच ३० फ्रेमवर ठिपके लावा आणि अंतर मोजा. दोन माणसांत जेवढा फरक आहे, त्याहून अचूक मॉडेल होण्याची अपेक्षा करू नका.

खऱ्या बाळांचे व्हिडिओ मिळेपर्यंत हात बसवायचा असेल तर मिनी-आरजीबीडी नावाचा संच संशोधनासाठी उपलब्ध आहे: खऱ्या बाळांच्या हालचाली, पण संगणकाने तयार केलेली शरीरं, १२ तुकडे, प्रत्येकी १००० चित्रं. कुणाच्याही बाळाची ओळख त्यात उघड होत नाही, म्हणून विद्यार्थ्यांना मी आधी तोच देते.

डोळ्यांनी तपासणी

मॉडेलने लावलेले ठिपके व्हिडिओवर चढवा आणि निम्म्या गतीने पूर्ण बघा. प्रत्येक बाळाचा निदान एक मिनिट. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही.

उजवा-डावा पाय अदलाबदल होणं ही सगळ्यात फसवी चूक. बाळाने पाय एकमेकांवरून नेले की मॉडेल उजव्याला डावा म्हणू लागतं, आणि कधी कधी मिनिटभर तसंच चालू ठेवतं. आकड्यांत ते दिसत नाही, कारण दोन्ही ठिपके घोट्यांवरच असतात. आलेखात मात्र खूण दिसते: एकाच फ्रेमला दोन्ही घोटे समोरासमोर उडी मारतात. धडाच्या निम्म्या लांबीहून मोठी उडी एका फ्रेममध्ये दिसली की संगणकाला तिथे खूण करायला सांगा आणि ती जागा स्वतः बघा. ज्या बाळाचा एक पाय कमी हलतो आहे, तेच बाळ या अदलाबदलीमुळे समसमान दिसू शकतं. आपण शोधायला निघालो ते याच चुकीत झाकलं जातं.

मॉडेल प्रत्येक ठिपक्यासोबत खात्रीचा आकडा देतं. ०.६ हून कमी असलेले ठिपके मी टाकून देते. पाच-सहा फ्रेमची फट असेल तर ती भरून घ्यायची, मोठी फट रिकामीच ठेवायची. हात बाळाच्या पाठीखाली गेला तर तो तिथे काय करत होता हे आपल्याला माहीत नाही. गणिताने ते बनवू नये.

थरथर गाळणं आणि माप काढणं

ठिपका स्थिर मनगटावरही थोडा थरथरतो. सेकंदाला ३० फ्रेम असताना ३ मिलिमीटरची थरथर म्हणजे वेगात सेकंदाला ९० मिलिमीटरची खोटी भर. म्हणून वेग काढण्याआधी गाळणी, म्हणजे झपाट्याचे बारीक चढउतार सपाट करणारं गणित, लावावी लागते. दोन्ही दिशांनी चालवलेली बटरवर्थ गाळणी, ६ हर्ट्झच्या आसपास, ही सुरुवातीला ठीक. पण आपल्याला हवी असलेली चुळबूळच बारीक आहे. गाळणी फार घट्ट केली की तीही गाळली जाते आणि सगळी बाळं शांत दिसतात. झोपलेल्या बाळाचा एक मिनिट मुद्दाम रेकॉर्ड करून ठेवा: त्यात जेवढी हालचाल दिसते तेवढी तुमच्या यंत्रणेची थरथर. त्याहून लहान काहीही हालचाल म्हणून लिहू नका.

मापं थोडीच काढा. मनगट आणि घोट्याच्या वेगाचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा), त्या वेगातली विविधता, उजव्या-डाव्या बाजूतला फरक, कंबर-गुडघा-घोटा एकदमच दुमडतात की सुटे सुटे, आणि केंद्रबिंदूचं भटकणं. निरोगी बाळाच्या हालचालीचं लक्षण विविधता हे आहे, जोर नव्हे. जोरजोरात लाथा मारणारं बाळ आईला "दमदार" वाटतं, पण त्याच त्या ठरावीक लाथा असतील आणि मनगट-घोटे मुके असतील तर मला काळजी वाटते.

मशीन लर्निंगला जायचं असेल तर एक नियम मोडू नका. शिकवणीचा आणि परीक्षेचा संच बाळानुसार वेगळा करा, फ्रेमनुसार नाही. एकाच बाळाच्या फ्रेम दोन्हीकडे गेल्या की मॉडेल ते बाळ ओळखतं, आजार नाही.

आकड्याचा अर्थ

नॉर्वेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांतून ५५७ जोखमीची बाळं घेऊन एक अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओवरून संगणकाने सेरेब्रल पाल्सीचा अंदाज बांधायचा होता. वेगळ्या ठेवलेल्या बाळांवर तपासलं तेव्हा आजार असलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के सापडली, आणि नसलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के बरोबर वगळली गेली. चांगले आकडे आहेत. आता हेच साधन दोन ठिकाणी वापरून बघू.

एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) घरी गेलेली १००० बाळं घ्या, समजा त्यांतल्या १०० जणांना हा आजार होणार आहे. साधन ७१ जणांना पकडेल आणि निरोगी ९०० पैकी ५४ जणांवर चुकीचा ठपका ठेवेल. ठपका बसलेल्या १२५ पैकी निम्म्याहून जास्त खरे. आता गावातली सरसकट १००० बाळं घ्या, त्यांतल्या दोघांना आजार आहे असं धरा. साधन एकाला, फार तर दोघांना पकडेल, आणि ६० निरोगी बाळांच्या घरी रडारड होईल. साधन तेच आहे. म्हणून अंगणवाडीतल्या प्रत्येक बाळावर हे चालवू नका. कमी दिवसांची, कमी वजनाची, जन्मतः उशिरा रडलेली, झटके आलेली बाळं, यांच्यापुरतं ठेवा.

आणि संगणकाचा आकडा एकटा कधीच नको. पाच महिन्यांखालच्या बाळासाठी २०१७ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत तीन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत: एमआरआय, प्रशिक्षित नजरेने पाहिलेल्या हालचाली, आणि हॅमरस्मिथची मज्जासंस्थेची तपासणी. आपला कॅमेरा यातल्या दुसरीला हातभार लावतो. त्या नजरेचं प्रशिक्षण जनरल मूव्हमेंट्स ट्रस्टतर्फे मिळतं. तुमच्या गटात एकाने तरी ते घ्यावं. चेहरा धूसर करायचा असेल तर तज्ज्ञाने पाहून झाल्यावरच करा, कारण बाळ शांत आहे की कुरकुरतंय ते चेहऱ्यावरूनच कळतं.

आईला काय सांगायचं

रेकॉर्डिंग चालू असताना चेहऱ्यावर काही दाखवू नका. आई बाळाकडे नाही, तुमच्याकडे बघत असते. संपल्यावर ती विचारतेच, "बरंय ना सगळं?" त्या वेळी माझं उत्तर ठरलेलं असतं: "आज आपण व्हिडिओ घेतला. तो दोघं जण नीट बघतील. अमुक वारी मी स्वतः फोन करेन." आणि त्या वारी फोन करते, बातमी चांगली असली तरी.

चुळबूळ दिसली नाही तर पहिलं काम म्हणजे दोन आठवड्यांनी पुन्हा रेकॉर्डिंग. त्या दिवशी बाळ पेंगलेलं असेल, वयाचा हिशेब चुकला असेल. दुसऱ्यांदाही दिसली नाही तर बालरोगतज्ज्ञांकडे पाठवायचं, आणि थांबून न राहता राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसीमध्ये (बाळांवर लवकर उपचार सुरू करणाऱ्या केंद्रात) नाव नोंदवायचं. निदानाचं नाव अजून ठरलेलं नसतानाही हाताळणी आणि व्यायाम सुरू करता येतात, आणि पहिल्या वर्षातला एकेक महिना मोलाचा असतो. पुढची तारीख कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा. मी तिच्याखाली आणखी एक ओळ लिहिते: "येताना दूध पाजून आणा, वाळे घरी ठेवा."